गाडीवरचे नाव

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. धारहून पुतण्याचा फोन आला. क्षेमकुशल विचारून झाले आणि त्याने प्रश्न केला, "मोठे काका, तुमच्याकडे हेअर ड्रायर आहे का?" ज्याच्या मस्तकावर गेली वीस वर्षे वाळवण्याजोगे काही शिल्लक राहिलेले नाही, त्या गृहस्थाला हा प्रश्न विचारावा याचे मला क्षणभर हसू आले. परंतु मुलगी बंगळूरहून आली की तिला लागणारे ते यंत्र कपाटात असते, हे आमच्या सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातूनच मोठ्याने सांगितले, आणि पुतण्याचे देवासला येणे नक्की झाले.

तो येणार होता तो पाण्याच्या पंपांचे चार नग पोचवायला. धार ते देवास म्हणजे इंदूर ओलांडून शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. एरवी तो सकाळी येतो आणि दिवेलागणीला परत जातो. या वेळी मात्र त्याला दोन दिवस मुक्काम करावयाचा होता. आमच्या अंगणात कडुनिंबाची सावली आहे, आणि त्या सावलीत बसून त्याला आपल्या पिकअप गाडीवरची कंपनीची सगळी नावे, चिन्हे आणि पट्टे काढून टाकायचे होते. तरुण मंडळींत म्हणे या हौसेला हल्ली बहर आला आहे. गाडी विकत घ्यायची, आणि मग तिच्या नाकावरची, पाठीवरची, कुशीवरची अक्षरे उतरवून तिला कोरी करायची. वाटल्यास त्या जागी आपल्या मनासारखे नाव लावायचे. मी म्हणालो, "अरे, त्या नावात वाईट काय आहे?" तो म्हणाला, "वाईट काही नाही. पण हप्ते आपण फेडले, मग जाहिरात त्यांची का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या पिढीला गाडीच्या कपाळावरचे चिन्ह म्हणजे देवाच्या कपाळावरच्या गंधासारखे वाटे. माझ्या लहानपणी आग्रा-मुंबई रस्त्यावर, देवासच्या नाक्याशी, मालमोटारी थांबत. त्यांच्या नाकावर वर्तुळात बसवलेला तीन टोकांचा तारा चकाकत असे. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास आरंभ केला होता, आणि त्या गाड्यांवर टाटा-मर्सिडीज-बेंझ असे नाव येई. मी पाटीवर तो तारा काढीत असे, आणि धाकटा भाऊ माझे पाहून त्याच्या पाटीवर काढी. त्याच्या ताऱ्याला मात्र नेहमी चार टोके येत. १९६९ साली तो करार संपला आणि नव्या गाड्यांवरचा तारा नाहीसा झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. नाक्यावर एका सरदारजी चालकाला मी विचारले की तारा कुठे गेला, तेव्हा तो म्हणाला, "बँटवारा हो गया, बाबूजी." गाडी तीच होती, आवाज तोच होता, ओझेही तितकेच वाहत होती. लोक पुढे कितीतरी वर्षे तिला मर्सिडीजच म्हणत राहिले.

चिन्ह जाते आणि नाव तोंडात उरते, याचा याहूनही नामी दाखला म्हणजे आपला टेम्पो. हँबर्गच्या टेम्पो कारखान्याचे तंत्र घेऊन फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी मालगाडी सुरू केली. पुढे मॅटाडोर आली, ट्रॅक्स आली. आमच्या धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला त्यांचा मोठा कारखाना झाला. २००५ साली त्या कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. पण बिऱ्हाड हलवणारा मराठी मनुष्य आजही टेम्पोच सांगतो, मग दारात येणारी गाडी कोणत्याही कंपनीची असो. त्याच पीथमपूरला १९८६ पासून आयशरने मित्सुबिशी या जपानी कंपनीच्या सहकार्याने कँटर बांधली. पुढे जपानी गेले, २००८ मध्ये स्वीडनची व्होल्वो सोबत आली, आणि आमच्या मंडईत मात्र त्या आकाराची कुठलीही गाडी आली की हमाल "कँटर लगी है" असेच ओरडतात. मोटारींचे तरी काय? फियाटची पद्मिनी झाली तेव्हा चितोडच्या राणीचे नाव मिळाले म्हणून तिला कोणी निराळी मोटार मानली नाही. असो.

शनिवारी सकाळी पुतण्या आला. मी सवयीप्रमाणे प्रथम कायद्याची चौकशी केली. तो या बाबतीत माझ्यापेक्षा जाणता निघाला. कंपनीचे नाव ही गाडीची शोभा. तिची ओळख म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला चॅसिस क्रमांक आणि नोंदणीचे पुस्तक. रंग बदलला तर ते पुस्तकात नोंदवावे लागते, गाडीच्या घडणीत फेरफार करायला परवानगी लागते, पण चिकटवलेली अक्षरे काढली म्हणून गाडी दुसरी होत नाही. हात लावायचा नाही तो क्रमांकाच्या पाटीला. मालवाहू गाडीची पाटी पिवळी आणि तीवर काळे अंक. १९८९ च्या नियमांनी अक्षरांची उंची-जाडी ठरवून दिलेली आहे, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अशोकचक्राच्या चकाकत्या ठशाची, एकदा बसवली की न निघणारी पाटी लावूनच रस्त्यावर यावे लागते. जुन्या गाड्यांनाही ती आता बसवून घ्यावी लागली आहे. त्याच्या पाटीवर धारचा 'एमपी ११' होता. आमचा देवासचा 'एमपी ४१'. मागच्या-पुढच्या चकाकत्या पट्ट्याही त्याने राखायच्या ठरवल्या, कारण रात्री रस्त्यावर उभ्या मालगाडीला त्याच वाचवतात.

मग काम सुरू झाले, आणि खरे सांगायचे तर मी खुर्ची टाकून जो बसलो तो जेवणाची हाक येईपर्यंत उठलो नाही. आधी त्याने साबणाच्या पाण्याने तो भाग धुऊन घेतला, कारण धुळीचा एक कण जरी दोऱ्याखाली सापडला तरी रंगावर ओरखडा उठतो. मग हेअर ड्रायर लावून एकेक अक्षर तापवले. किती तापवायचे याला माप नाही. पत्र्यावर तळहात ठेवावा आणि तो उचलून घ्यावासा वाटला की पुरे. पूर्वीची चिन्हे पत्र्याला भोके पाडून खिळ्यांनी वा चापांनी बसवीत. हल्लीची बहुतेक दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीवर उभी असतात. ऊब लागली की ती पट्टी मऊ पडते. मग मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याची दोन टोके दोन हातांच्या बोटांना गुंडाळून, दोरा अक्षराच्या मागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. पेचकसाने उचकटण्याचा मोह आवरावा लागतो, नाहीतर पत्र्याला खोच पडते आणि पुढे तिथूनच गंज धरतो. अक्षर सुटले की मागे राहतो चिकट काळा थर. तो अंगठ्याने चोळून त्याच्या वळ्या काढायच्या, उरलेला घासलेटाच्या बोळ्याने पुसायचा, लगेच साबणाने धुवायचे, आणि शेवटी रबिंग कंपाउंड लावून मऊ फडक्याने गोल गोल घासायचे.

एवढे करूनही नाव जात नाही, ही त्यातली गंमत. गाडी पांढरी. दहा-बारा उन्हाळ्यांनी तो पांढरा रंग पिवळट पडलेला, आणि अक्षरांच्या खालचा मात्र कारखान्यातून निघाला तसा शुभ्र. अक्षर काढले तरी त्याच्या जागी त्याच आकाराचे गोरे अक्षर दिसत राहिले. पुतण्या वैतागून म्हणाला, "आता सगळा दरवाजाच घासावा लागणार." आमची सौ. चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बांगडीखालचा हात तसाच दिसतो रे." आणि कप ठेवून आत गेली.

दुपारी जेवून उठल्यावर तो गाडीच्या मागच्या फळीकडे वळला. त्या फळीवर कंपनीचे काही नव्हते. तेथे आमचे आडनाव होते, पितळी अक्षरांत. त्याविषयी थोडे सांगायला हवे.

वडिलांनी धारला पंप आणि पाइपांचे दुकान काढले ते एकट्याने, पण पाटी लिहून घेतली ती आडनावापुढे 'बंधु' घालून. आम्ही दोघे तेव्हा शाळेत जाणारी पोरे होतो. पाटी पुढच्या काळासाठी होती. पुढे मी देवासला शाखा उघडली आणि धाकटा धारचे दुकान पाहू लागला. २०१२ साली दोन्ही दुकानांत मिळून ही पिकअप घेतली, तेव्हा धाकट्याने हौसेने मागच्या फळीसाठी पितळी अक्षरे करवली. ठठेऱ्याने पितळेच्या पत्र्यातून ती कापली, प्रत्येकाच्या पाठीमागे दोन-दोन आटेदार खिळ्या डाखल्या, आणि फळीला भोके पाडून आतून नट कसले. परंतु पहिल्या खेपेस त्याने 'बंधु' ऱ्हस्व कापला. हिंदीत तो तसाच लिहितात, त्याचा काही दोष नव्हता. वडिलांच्या पाटीवरही ऱ्हस्वच होता. पण धाकटा ऐकेना. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, हे आम्हांला शाळेतल्या मराठीच्या मास्तरांनी छडीच्या साह्याने शिकवले होते. धाकट्याने पदरचे पैसे घालून 'धू' पुन्हा कापून घेतला आणि मला फोनवर म्हणाला, "दादा, आपण महाराष्ट्रात राहत नाही म्हणून काय झाले? पाठीवर चुकीचे मराठी घेऊन मी आग्रा रोडने जाणार नाही." सबंध माळव्यात तो ऊकार कितीजणांनी वाचला असेल, कोण जाणे. त्याला त्याचे समाधान होते.

आता पुतण्या पाना घेऊन फळीच्या आत वाकला होता. रंग काढायचा म्हणून आडनावाची अक्षरेही तो तात्पुरती उतरवीत होता. आतूनच त्याचा आवाज आला, "मोठे काका, आडनावापुढे ही चार भोके कसली हो? मी नेहमी बघतो. खाली गंजाचे ओघळ आलेत."

मी लगेच उत्तर दिले नाही. २०१४ साली तो पुण्याला वसतिगृहात होता. त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या वडिलांनी त्याला सांगितले नव्हते हेही मला तेव्हाच कळले.

देवासच्या माणसाला वाटणीचे नवल वाटू नये. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना १७२८ पासून येथे जी सत्ता मिळाली, तिच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. मध्य भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हा प्रकार चालला. थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी कारभारी म्हणून १९२१ साली येथे राहून गेलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याला त्याचे इतके कौतुक वाटले की त्याने पुढे १९५३ मध्ये या संस्थानावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि धाकटी माता. यात्रेकरू दोघींना नारळ फोडतो आणि मगच उतरतो. आमच्या नातेवाइकांत पूर्वीपासून थट्टेने आम्हांला थोरली पाती आणि धारकरांना धाकटी पाती म्हणत. थट्टाच होती, २०१४ पर्यंत.

त्या वर्षी चैत्रात हिशेब पाहताना धाकट्याने मला एक प्रश्न विचारला. देवासच्या दुकानाच्या उसनवारीतली एक रक्कम धारच्या खात्यावर का टाकली, एवढेच त्याने विचारले. उत्तर सरळ होते आणि रक्कमही चोख होती. परंतु वडिलांच्या मागे तीस वर्षे वह्या मी लिहिल्या होत्या, आणि त्या वह्यांत कोणी बोट घालून विचारावे हेच मला सोसवले नाही. मी म्हणालो, तुझा विश्वास नसेल तर वाटणी करू. तो म्हणाला, मी तसे म्हणालो नाही. मी पुन्हा तेच म्हणालो. अशा गोष्टी तिसऱ्यांदा बोलल्या की खऱ्या होतात. दोन महिन्यांत कागद झाले. देवासचे दुकान आणि 'बंधू' हे नाव माझ्याकडे, धारचे दुकान आणि गाडी त्याच्याकडे. नाव मीच मागून घेतले होते.

ज्या दिवशी तो गाडी न्यायला आला, तो दिवस वैशाखातला होता आणि ऊन असे की फळीला हात लागत नव्हता. मी म्हणालो, "गाडी तुझी झाली, पण तिच्यावर 'बंधू' राहता कामा नये. कागदात तसे आहे." तो काही बोलला नाही. मी घरात पाना शोधू लागलो; तो सापडेना. तेव्हा त्याने गाडीच्या हत्यारांच्या पेटीतून दहा नंबरचा पाना काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दादा, हा घ्या. यानेच कसले होते." मी चार नट सोडवले, दोन अक्षरे काढली, आणि तो पाना त्याला परत दिला. त्याने तो पुसून पेटीत ठेवला. मग सौ.ने दिलेले सरबत पिऊन तो निघून गेला.

पुढे मी देवासच्या दुकानात पाच वर्षे बसलो. पाटीवर 'बंधू', गादीवर मी एकटा. २०१९ साली गुडघ्यांनी निकाल दिला आणि दुकान विकले. विकत घेणाऱ्याने पाटी रंगवून टाकली. लग्नकार्यांत आम्ही भाऊ भेटत होतो, शेजारी बसून जेवत होतो, प्रकृतीची चौकशी करीत होतो. त्या अक्षरांचा विषय कधी निघाला नाही. दर भेटीत मी मनाशी ठरवीत असे की पुढच्या भेटीत काढू. २०२१ च्या वैशाखात तो इंदूरच्या रुग्णालयात गेला. ते दिवस वाचकांना आठवत असतील. धारला जाण्याची सोय नव्हती, आणि कोणी जाऊही दिले नसते. मी येथूनच स्नान केले.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. जेवढे येथे लिहिले त्यापेक्षा कमी शब्दांत आणि अधिक अडखळत. तो फळीवर बसून ऐकत होता. मला वाटले होते तो रागावेल, किंवा निदान गप्प होईल. तो म्हणाला, "म्हणून होय! डेंटरने दोनदा बाबांना विचारले होते, ही भोके लांबी भरून बुजवून देऊ का म्हणून. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, राहू दे, हौद्यातले पाणी जायला वाट लागते."

फळी उभी असते. पाणी तिच्यातून जात नाही, खालच्या फटीतून जाते. पंपांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पाण्याची वाट मी सांगायची नव्हती.

लहानपणी आम्ही दोघे धारच्या लाट मशिदीपाशी खेळायला जात असू. ती मशीद दिलावरखानाने १४०५ साली बांधलेली, आणि तिच्याशी तो प्रसिद्ध लोखंडी स्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे. १५९८ साली दक्षिणेच्या स्वारीवर निघालेल्या अकबराचा मुक्काम धारला पडला, त्याचाही फारसी लेख त्या लोखंडावर कोरलेला आहे. म्हणजे आपले नाव दुसऱ्याच्या लोखंडावर लावण्याची हौस पुतण्याच्या पिढीने काढलेली नव्हे. पण आम्हां मुलांना लेखात रस नव्हता. त्या स्तंभाच्या अंगावर ठिकठिकाणी बोट टेकावे अशी खोलगट भोके आहेत. एवढा बोजड लोहखंड घडवताना उचलायला आणि फिरवायला ती उपयोगी पडली असावीत, असे अभ्यासक मानतात. धाकट्याचे बोट बारीक. ते थेट तळापर्यंत जाई आणि माझे जाऊ शकत नसे. त्याचा त्याला फार अभिमान होता. फळीवरच्या भोकांत पुतण्या बोट घालून गंज किती आत गेला आहे ते पाहत होता, तेव्हा मला हे आठवले.

मी सौ.ला म्हणालो, "ती अक्षरे..." पुढचे वाक्य मला जुळवावे लागले नाही. ती म्हणाली, "वरच्या फडताळात, समईच्या मागे. निळ्या फडक्यात." मी ती तिथे ठेवल्याचे तिला कधी सांगितले नव्हते. पुतण्याने स्टुलावर चढून ती काढली. पितळ काळे पडले होते. सौ.ने चिंच आणि राख लावून घासले तेव्हा 'बं' लवकर उजळला. 'धू'च्या खालच्या वळणात हिरवट चढले होते, ते दातांच्या जुन्या ब्रशने काढावे लागले. मग दोन्ही अक्षरे अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात ठेवली.

खरी अडचण तिथून सुरू झाली. पुतण्या ती अक्षरे हातात घेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला, "पण मोठे काका, मला भाऊ कुठे आहे? मी एकटा. तुम्हांला तिकडे ताई एकटी. 'बंधू' लावले तर ते खोटेच होईल ना?" मी म्हणालो की दुकानाचे नाव म्हणजे काही जनगणना नव्हे, आणि आजोबांनी पाटी लिहिली तेव्हा त्यांचे बंधू पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होते. त्याला ते पटलेले दिसले नाही. मलाही माझे बोलणे वकिलासारखे वाटले. जे नाव मी भांडून घेतले, पाच वर्षे एकट्याने लावले आणि शेवटी विकले, ते आता दुसऱ्याला लाव म्हणून सांगण्याचा मला अधिकार तरी काय, असेही मनात आले. मी आग्रह धरला नाही.

रविवारी त्याने भोकांच्या कडा काचकागदाने घासल्या, गंज निघून पांढरा पत्रा दिसू लागला तसा त्यावर प्रायमरचा हात दिला, आणि ती बुजवली नाहीत. "रंग धारला गेल्यावर मारतो," म्हणाला. आडनावाची अक्षरे पुन्हा बसवली. निळ्या फडक्यातली दोन अक्षरे त्याने पुढच्या कप्प्यात, गाडीच्या कागदांबरोबर ठेवली. समोरून गाडी अगदी कोरी झाली होती. नाकावर काही नाही, कुशीवर काही नाही. नाव नसलेल्या गाडीकडे पाहताना प्रथम चुकल्यासारखे होते, मग हळूहळू तिची घडण दिसू लागते, हे मात्र मला मान्य करावे लागले. फाटकातून बाहेर पडताना कोपऱ्यावरच्या पानवाल्याने त्याला हटकले, "भैया, कौन-सी कंपनी की है?" तो नुसता हसला.

त्यानंतर वीसेक दिवसांनी फोन आला. "मोठे काका, ताईशी बोललो. ती म्हणाली, लाव. मी आहे की." मग धंद्याच्या आवाजात पुढे म्हणाला, "रंग झाला आहे. पण नट तीनच आहेत हो. फडक्यात चौथा नाही."

चौथा नट मी फडताळात शोधला, समईच्या तळाशी पाहिला, जुन्या कोटाचे खिसे उलटे केले. अकरा वर्षांपूर्वी त्या उन्हात तो माझ्या हातून कुठे पडला असेल, ते आता कसे कळणार? शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन बाजारात गेलो आणि सहा मिलिमीटरचा पितळी नट मागितला. दुकानदार म्हणाला, एक देत नाही, डझन घ्यावे लागतील. मी डझन घेतले. एक धारच्या बसने जाणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांबरोबर पाठवला आहे. बाकीचे अकरा समईच्या मागे आहेत.